ज्ञानेश्वरीला पाककृतीचं कव्हर घालू का?

वाचक विचारतात

प्रश्न : काका, सा. न. वि. वि. माझे यजमान वर्षभरापासून सौदीत, जुबैलला आहेत. आता माझा आणि मुलीचा (वय ९) व्हिसा आला आहे. सामानात पुस्तकं कोणती न्यायची, यावरून घरात रोज वाद चाललाय. सासूबाईंची ज्ञानेश्वरी मला न्यायची आहे. तिथल्या भगिनी मंडळाने आरतीसंग्रहाच्या १५ प्रती मागवल्यात. शिवाय मुलीचा अ‍ॅटलास आणि तीन दिवाळी अंक. मामेभाऊ म्हणतो, ज्ञानेश्वरीला पाककृतीच्या पुस्तकाचं कव्हर घाल, कोण बघतंय! तुम्ही तिकडे बरीच वर्षं होतात असं कळलं, म्हणून विचारते.
— एक भगिनी, मांजलपूर

उत्तर : ताई, मामेभावाला चहा पाजा, सेव-उसळ खाऊ घाला आणि वाटेला लावा. त्याची युक्ती जुनी आहे, आणि आपल्याच बडोदे संस्थानात ती एकदा अंगाशी आलेली आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला नरसिंहभाई पटेल यांनी बाँब तयार करण्याची कृती गुजरातीत आणली आणि पुस्तकाला साळसूद नाव दिलं, ‘वनस्पतीनी दवाओ’. म्हणजे झाडपाल्याची औषधं! पुढे बिंग फुटलं आणि नरसिंहभाईंना संस्थानाबाहेर जावं लागलं. त्यांच्याकडे निदान लपवण्यासारखं काही होतं. तुम्ही ज्ञानेश्वरी कशाला लपवता?

मी १९८४ साली पहिल्यांदा गेलो. दम्मामचा हल्लीचा विमानतळ १९९९ मधला, तेव्हा धहरानला उतरावं लागे. प्रत्येकाची प्रत्येक बॅग टेबलावर रिकामी व्हायची. माझ्यापुढच्या मल्याळी माणसाच्या लोणच्याच्या बरणीत त्यांनी चमचा घालून पाहिला होता. माझी पाळी आली तेव्हा त्या कस्टमवाल्या पोराने (वीस-बावीसचा असेल) वरचा दिवाळी अंक उचलला, म्हणाला, “हादा एश?” म्हणजे हे काय. आणि अंक मागून उघडला.

ही मागून उघडण्याची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे आपलं मलपृष्ठ हे त्याचं मुखपृष्ठ. आपण काय करतो, घरी बसून पहिली पानं तपासतो, संपादकीय चाळतो, मुखपृष्ठावर देवबीव नाही ना बघतो. तो मात्र सरळ शेवटच्या जाहिरातीवर येतो. देवनागरी त्याला वाचता येत नाही. ज्ञानेश्वरी की जमाखर्चाची वही, त्याला दोन्ही सारखेच किडे. तो फक्त चित्रं बघतो. बाईचा उघडा दंड, बाटली, क्रूस, देवाची तसबीर, इस्रायलचा तारा. एवढ्या पाच-सहा गोष्टी डोळ्यांना शिकवलेल्या असतात आणि दर मिनिटाला एक बॅग संपवायची असते.

१९८७च्या नोव्हेंबरात रजेवरून परतताना माझ्या अंकात मागून तिसऱ्या पानावर आंघोळीच्या साबणाची बाई निघाली. त्या दिवशी काळा मार्कर संपला असावा, कारण तिथे बहुतेक वेळा मार्करच फिरवत, त्याचा तो उग्र वास पुढे महिनाभर पुस्तकाला येत राही. या गृहस्थाने मार्कर शोधला, टोपण काढून टेबलाच्या कडेवर घासून पाहिला, आणि मग शांतपणे पान फाडलं. नीट, शिवणीजवळून, कडेला एक सुरकुतीही न पाडता. अंक परत दिला, वर “शुक्रन” म्हणाला. मी खूश, एका पानावर भागलं म्हणून. कॅम्पवर येऊन वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की बाईच्या पाठीमागे रहस्यकथेचं शेवटचं पान होतं.

जुबैलमधल्या आमच्या सात मराठी घरांनी वर्षभर त्या कथेचा शेवट केला. शुक्रवारी कोणाकडे तरी जेवण असायचं, त्यात एक वेळ ठरलेली, खून कोणी केला? आमच्या एका इन्स्ट्रुमेंटवाल्याने तर वेळापत्रकाचा तक्ता मांडला होता, कोण किती वाजता बंगल्यात होतं त्याचा. पुढच्या रजेत दांडिया बाजारच्या मामांच्या माळ्यावर, पस्तीवाल्याकडे जायच्या गठ्ठ्यात तोच अंक मिळाला. तिथेच शिडीवर बसून वाचला. खून पुतण्याने केला होता, इस्टेटीसाठी. आमचे सगळे शेवट त्याहून चांगले होते.

तर दिवाळी अंक न्या, पण आधी मागून चाळा. आता तपासणी तशी राहिलेली नाही. बॅगा यंत्रातून जातात, शंका आली तरच उघडतात. एप्रिल २०१६ मध्ये तिथल्या धार्मिक पोलिसांचा (आम्ही त्यांना मुतव्वा म्हणायचो) अटक करण्याचा अधिकार काढून घेतला, २०१८ मध्ये सिनेमागृहं उघडली, त्याच वर्षी बायका गाडी चालवू लागल्या. माझ्या काळात हे कोणी सांगितलं असतं तर त्याला उन्ह लागलंय असं आम्ही समजलो असतो. साबणाच्या बाईला आता कोणी विचारणार नाही. पण धर्माचा भाग वेगळा आहे, तिथे गाफील राहू नका.

सरकारचं म्हणणं असं आहे की मुसलमानेतरांनी घराच्या आत, आपल्यापुरती उपासना केली तर हरकत नाही, आणि स्वतःच्या वापराची धार्मिक पुस्तकं आणायलाही हरकत नाही. सार्वजनिक पूजा, देऊळ, मेळावा यांना परवानगी नाही, आणि मुसलमानेतर धर्माचा प्रचार हा गुन्हा. आता ‘स्वतःच्या वापराचं’ कशाला म्हणायचं, ते टेबलामागचा माणूस ठरवतो. एक ज्ञानेश्वरी ही तुमची. पंधरा आरतीसंग्रह पाहिले की तो म्हणणार, हे वाटायला आणलेत. आणि ताई, त्याचं चुकतही नाही, तुम्ही वाटायलाच नेताय. तेव्हा त्या १५ प्रती इथेच ठेवा, भगिनी मंडळाला माझं नाव सांगा आणि रागवायचं ते माझ्यावर रागवा म्हणावं. आरत्या त्यांना पाठ नाहीत का? ‘घालीन लोटांगण’ला पुस्तक लागतं?

ज्ञानेश्वरीचं म्हणाल तर एक न्या, पण सासूबाईंची नको. त्या प्रतीत त्यांच्या हाताच्या खुणा असतील, कुठे हळदीकुंकवाचा डाग, कुठे पिंपळपान. शंभरांतली नव्व्याण्णव माणसं काही न होता बाहेर पडतात. शंभरावा तुम्ही असलात आणि पुस्तक ठेवून घेतलं, तर तिथे हुज्जत घालायची नाही, पावतीही मागायची नाही, फक्त पुढे सरकायचं असतं. अशा वेळी दुकानातून आणलेली नवी प्रत गेली तर पैसे जातात. एवढंच.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. आईचा हरिपाठ, तळहाताएवढा, मी नेला नाही. निघण्यापूर्वी आठवडाभर रोज रात्री बसून तो शंभरपानी वहीत उतरून काढला, पुढच्या पानांवर कंट्रोल व्हॉल्व्हची माझी टिपणं होती, त्यांच्याच पाठोपाठ. लपवण्यासाठी नव्हे, घरात कोरी वही दुसरी नव्हती. ती वही २५ वर्षांत निदान चाळीस वेळा त्या टेबलांवरून गेली, एकदाही कोणी दुसरं पान उलटलं नाही. आणि लिहिताना पाठ झाला तो वेगळा फायदा.

एक गंमत राहिली. एकदा मी योगासनांचं पुस्तक नेलं होतं, निरुपद्रवी म्हणून. त्यात अनाहत चक्राचं, म्हणजे हृदयाजवळच्या चक्राचं चित्र. अनाहत चक्राच्या मध्यभागी काय असतं? षट्कोन, दोन त्रिकोण एकमेकांत. साहेबांनी बोट ठेवलं आणि मोठ्याने ओरडले, “इस्राईल!” मुदीर आला, म्हणजे त्यांचा वरचा. मी मोडक्या अरबीत छातीवर हात ठेवून “कल्ब, कल्ब” म्हणत राहिलो, हृदय, हृदय. मुदीरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला झटका येतोय. पाणी मागवलं. पुस्तक राहिलं तिथेच, मी सुटलो. तेव्हा यंत्राची चित्रं, रांगोळीची पुस्तकं, षट्कोन असलेलं काहीही नेण्याआधी एकदा बघून घ्या. फाइन आर्ट्सवाली पोरं आपल्या गावात घरटी एक आहे, तेव्हा हेही सांगतो, मानवाकृतीच्या अभ्यासाच्या स्केचबुका नेऊ नयेत.

अ‍ॅटलास घरी ठेवा. इस्रायलचं नाव एक, आणि आपण ज्याला पर्शियन गल्फ म्हणतो त्याला ते अरबी आखात म्हणतात, हे दुसरं. नकाशाच्या पुस्तकाइतकं भांडखोर पुस्तक नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या शाळेत पृथ्वीगोलावर भूमध्य समुद्राच्या काठी काळा ठिपका होता. पोरांना वाटायचं, तिथे बेट आहे.

पुस्तकांची टंचाई पडेल अशी भीती असेल तर ती काढून टाका. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जे जाळं विणलं, त्यात फिरत्या पेट्या होत्या, पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या खेड्याखेड्यांना जायच्या. जुबैलमध्ये आम्ही तेच केलं, लाकडी पेटीऐवजी एअर कंडिशनरचं खोकं. नियम एकच, रजेवरून येताना प्रत्येक घराने दोनच पुस्तकं आणायची. दोन पुस्तकांना कोणी हटकत नाही. सात घरं, वर्षाला दोन खेपा, हिशेब तुम्हीच करा. मी २००९ मध्ये निघालो तेव्हा खोकी अकरा झाली होती, आणि ती मी तिथेच ठेवून आलो. परत आणायची तर आपल्याकडच्या कस्टमला काय सांगणार! असं खोकं तुमच्या यजमानांच्या कॉलनीतही कोणाकडे तरी असणारच, आधी फोन करून विचारा. निम्मं सामान हलकं होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्ही विचारलेलंच नाही. गोडा मसाला नेताय का? त्यात खसखस घालता? अनारसे नेताय? खसखस हे अफूचं बी आहे, आणि सौदी, एमिरात, कतार इथे ते अमली पदार्थांत मोजतात. “स्वयंपाकाला लागते हो” हे तिथे चालत नाही, मूठभर खसखशीपायी माणसं कोठडीत बसलेली आहेत. ज्ञानेश्वरी सापडली तर फार तर ज्ञानेश्वरी जाईल. मसाल्याचा डबा आज रात्रीच उघडून बघा, नवा करायचा असेल तर खसखशीशिवाय करा. अनारशांवर थोडी पिठीसाखर लावा, मुलीला काही फरक कळणार नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात लग्नानंतर आम्ही दोघं मालदीवला जातोय. माहेरून दिलेला बाळकृष्ण बरोबर न्यावा असं आईचं म्हणणं आहे. सौदीसारखं तिथे काही नसेल ना? सगळीकडे तर बिकिनीतले फोटो दिसतात.
— नववधू, रावपुरा

उत्तर : फोटो रिसॉर्टचे असतात, कस्टम मालेच्या विमानतळावर असतं. मालदीवच्या प्रतिबंधित वस्तूंच्या यादीत पूजेच्या मूर्ती स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या आहेत, इस्लामविरोधी मजकूरही. या बाबतीत कागदावर तो देश आखातातल्या बऱ्याच देशांपेक्षा कडक आहे. ड्यूटी फ्रीची बाटली घेतलीत तर तीही उतरताना काढून घेतात आणि परतताना देतात. रिसॉर्टवर मात्र बार उघडा. यात तर्क शोधत बसू नका, समुद्र बघा. बाळकृष्ण पाच दिवस आईकडे राहील, लोणी-साखर तिथे जास्त मिळेल. आणि मालदीव, ओमान, बहरीन, सौदी सगळं एकाच पोत्यात घालू नका. मस्कतमध्ये हिंदू देवळं आहेत. मनामात श्रीनाथजींची हवेली जुनी आहे. १९८६ साली बहरीनचा पूल झाल्यावर आम्ही जुबैलहून दर्शनाला जायचो आणि प्रसादाचा पेढा पुलावरचं कस्टम यायच्या आत संपवायचो. अबू धाबीचं मंदिर तर २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांच्या हस्ते उघडलं.

प्रश्न : तुमच्या मागच्या उत्तरात तुम्ही अरबांच्या पुस्तकबंदीची थट्टा केलीत, पण आपल्या देशात असं कधी झालं नाही हे ठासून सांगायला हवं होतं. आपल्याकडे विमानतळावर कोणी पुस्तक उघडून बघत नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, सुभानपुरा

उत्तर : ठासून सांगितलं असतं, खरं असतं तर. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’वर आपल्याकडे जी बंदी होती ती छपाईवर नव्हती, आयातीवर होती. ५ ऑक्टोबर १९८८ची अर्थखात्याची अधिसूचना, १९६२च्या कस्टम्स कायद्याखालची. म्हणजे ते पुस्तक अडवणारा माणूस धहरानच्या त्या पोराचाच जातभाई, फक्त टोपी वेगळी. पुढे २०१९ मध्ये एकाने दिल्ली उच्च न्यायालयात विचारलं, ती अधिसूचना दाखवा. खात्यांनी शोधाशोध केली. कागद मिळेना! नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं, अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं धरून चालावं लागेल. छत्तीस वर्षं पुस्तक अडलं, आणि शेवटी कशाने अडलं तेच कोणाला दाखवता येईना. सरकारी दप्तरात काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. परदेशी साप्ताहिकांमधल्या काश्मीरच्या नकाशावर बसणारा शिक्काही तुम्ही पाहिला असेलच. थट्टा मी दोन्हीकडची करीन, माझी पेन्शन कोणाकडूनच नाही.

प्रश्न : मुलगा कुवेतला असतो. दर वर्षी त्याला सहा दिवाळी अंक पार्सलने पाठवावेत असं वाटतं, पण तिथे पुस्तकांवर फार बंदी असते असं ऐकलं. पाठवू का?
— एक आई, प्रतापनगर

उत्तर : पाठवा. ऐकलंत ते बिनबुडाचं नाही. २०१४ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत कुवेतच्या माहिती मंत्रालयाने चार हजारांवर पुस्तकांना मनाई केली होती. पण तिथले लेखक-वाचक गप्प बसले नाहीत, आरडाओरडा केला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या संसदेने २००६चा छपाईचा कायदा बदलला. बाहेरून येणारं पुस्तक आधी मंत्रालयाने तपासायचं ही पद्धत गेली, आता बंदी घालायची तर न्यायालयातून. आखातात संसद असण्याचा हा एक फायदा. (ती संसद २०२४ मध्ये अमिरांनी स्थगित केली, तो भाग वेगळा.)

पार्सल मात्र कस्टम उघडू शकतं, ते कुठेही उघडू शकतं. सहा अंक एकदम नको, दोन-दोन पाठवा. बाहेरच्या कागदावर ‘मराठी नियतकालिके, वैयक्तिक वापरासाठी’ असं साधं लिहा, ‘भेटवस्तू’ लिहून उत्सुकता वाढवू नका. मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई असणारच, दिवाळी अंकाचा तो धर्मच आहे, तिला काही होत नाही. अध्यात्म विशेषांक आणि भविष्याचा अंक मागे ठेवा. चकली पाठवणार असाल तर वेगळ्या पार्सलने, तेलाचा डाग पडला की अंक जातो, तिथे कस्टमचा काही संबंध नाही. हल्ली बरेच अंक डिजिटलही निघतात, पण मुलगा आईच्या हातचा पत्ता बघायला पार्सल उघडत असेल तर त्याला डिजिटलचं काय कौतुक?

अंक पोचले की मला एक ओळ लिहा. आणि त्याला सांगा, रहस्यकथा वाचायला घेण्याआधी शेवटचं पान आहे का ते बघ.